खडक मुरावा लागतो

जोयडा तालुक्याला समुद्र नाही. डोंगर आहेत, दाट रान आहे, आषाढात दिवसच्या दिवस न थांबणारा पाऊस आहे. डिग्गीच्या डोंगरात उगम पावून सुमारे १८४ किलोमीटरचा प्रवास करीत कारवारपाशी सागराला मिळणारी काळी नदीही ह्याच तालुक्याची लेक. परंतु खारे पाणी पाहायचे, तर अणशीचा घाट उतरून खालीच जावे लागते. अशा ह्या तालुक्यातील एका शाळेत माझा भाचा विज्ञान शिकवतो. गेल्या भाद्रपदात त्याचे मला एक पत्र आले. त्याने लिहिले होते :

"मामा, मडगावचे एक स्नेही आपली खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी मोडणार आहेत. पेटी आणि तिच्यातले पंधरा किलो दगड ते आमच्या शाळेला विनामूल्य देत आहेत. माझ्या वर्गातल्या पुष्कळ मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. तो वर्गात आणावा असे मनात आहे. दगड नळाखाली स्वच्छ धुऊन पेटीत रचले, मीठपाणी भरले आणि दोन मासे सोडले, की झाले ना?"

"की झाले ना?" ह्या तीन शब्दांनी मी दचकलो. कारण वीस-बावीस वर्षांपूर्वी मीही नेमके असेच केले होते. एका परिचिताच्या पेटीतले तीन मोठे दगड मी आणले, हौसेने घासूनपुसून आपल्या भरलेल्या पेटीत ठेवले, आणि रात्री समाधानाने झोपलो. दुसऱ्या दिवशी पाणी किंचित दुधाळ दिसले. तिसऱ्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडमीट करू लागले. पाचव्या दिवशी पेटीत एकच मासा उरला होता. दगड देणाऱ्याचा दोष नव्हता, दगडाचाही नव्हता. दोष माझ्या घाईचा होता. भाच्याला मी जे उत्तर पाठवले, त्याचाच विस्तार आज आपणांपुढे करणार आहे.

प्रथम हा दगड म्हणजे काय ते पाहू. खाऱ्या पाण्याच्या पेट्या ठेवणारे लोक त्याला 'जिवंत खडक' म्हणतात. दगड आणि जिवंत, हे ऐकायला विचित्र वाटते खरे. पण जिवंत असतो तो दगड नव्हे, त्याच्यातली वस्ती. हा खडक चुन्याच्या जातीचा आणि जाळीदार, सच्छिद्र असतो. त्याच्या बाहेरच्या अंगावर आणि आतल्या बारीक बिळांत कोट्यवधी जीवाणू नांदत असतात. मासे श्वासावाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले अन्न कुजले, म्हणजेही अमोनियाच होतो. तो माशांना विषासमान आहे. खडकाच्या पृष्ठभागावरील जीवाणूंचा एक वर्ग ह्या अमोनियाचे नायट्राइट करतो. तेही विषारीच. दुसरा वर्ग नायट्राइटचे नायट्रेट करतो, आणि ते पुष्कळसे निरुपद्रवी असते. खडकाच्या पोटात, जेथे प्राणवायू पोहोचत नाही, तेथे तिसरा वर्ग त्या नायट्रेटचा नत्रवायू करून हवेत सोडून देतो. म्हणजे हा दगड पेटीचा सफाई कामगारही आहे आणि तिचे मूत्रपिंडही आहे.

ह्यात शेतकऱ्याला नवे काही वाटू नये. शेणखतातला नत्र पिकाला घेता येईल अशा रूपात आणून देणारे जीवाणू ह्याच कुळातले. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की ह्या रशियन शास्त्रज्ञाने त्यांच्या जगण्याची रीत उलगडून दाखवली, तीही मातीतल्या जीवाणूंवर प्रयोग करून. समुद्रातल्या खडकावर आणि शेतातल्या ढेकळावर निसर्गाने एकाच कामाला एकाच घराण्यातली माणसे नेमली आहेत, असे म्हटले तरी चालेल.

माणसाला हे उमगायला मात्र वेळ लागला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली लोकांसाठी पहिले मत्स्यालय उघडले. आपल्या मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले, आणि मुंबईला गेलेल्या कित्येक पिढ्यांच्या मुलांनी समुद्रातले मासे काचेआडून प्रथम पाहिले ते तेथेच. मोठ्या संस्थांपाशी पंप, गाळण्या आणि पाणी बदलण्याची सोय असते. घरातल्या लहान पेटीत मात्र समुद्री मासे टिकणे फार कठीण होते. १९६१ साली इंडोनेशियातील ली चिन एंग ह्या छंदिष्टाने एका अमेरिकन मासिकात आपली रीत प्रसिद्ध केली. समुद्रातला खडक, समुद्राचे पाणी, उजेड आणि हवेचे बुडबुडे, एवढ्यावर त्याच्या पेट्या चालत होत्या. बाकीचे काम खडकच करीत होता. तेव्हापासून ह्या दगडाचे महत्त्व जगभर वाढत गेले.

आणि महत्त्व वाढले, की लूटही वाढते. पृथ्वीवरच्या प्रवाळांच्या खडकांतून हा दगड फोडून पेट्यांसाठी विकला जाऊ लागला. म्हणून भाच्याला मी पहिला प्रश्न विचारला तो स्वच्छतेचा नव्हता. मी विचारले, "अरे, हा दगड आला कोठून?" आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ सालापासून पाषाण-प्रवाळांना वाघासारखेच कडक संरक्षण दिले आहे. ते तोडणे, विकणे हा गुन्हा आहे, आणि मेलेल्या प्रवाळाचा सांगाडाही त्यातून सुटत नाही. तुमच्याच जिल्ह्यात मुरुडेश्वरासमोरच्या नेत्राणी बेटाभोवती प्रवाळ आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातही आहेत, आणि तेथील मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. समुद्राचे पाणी तापल्यामुळे जगभरचे प्रवाळ पांढरे पडत आहेत. २०२४ साली अशा चौथ्या जागतिक आपत्तीची घोषणा झाली. अशा काळात वर्गातला एक समुद्र सजवण्यासाठी खरा समुद्र उघडा पाडणे विज्ञानाच्या शिक्षकाला शोभणार नाही.

भाच्याचे उत्तर समाधानकारक आले. ते दगड माणसाने घडवलेले होते. सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि भाजलेली माती ह्यांचे ते होते, आणि पाच वर्षे पेटीत राहून त्यांत वस्ती झाली होती. पुढचे काम ह्यामुळे अडत नाही. जीवाणूंना दगडाची जात पाहायची नसते. त्यांना भोके हवीत, वाहते पाणी हवे आणि वेळ हवा. वापरलेला घडीव दगड हातोहाती फिरत राहिला, तर समुद्रातला दगड समुद्रातच राहतो. मला वाटते, छंदिष्टांनी ह्याहून चांगला व्यवहार शोधून काढलेला नाही.

येथे एक सूचना जोयड्याच्या श्रोत्यांसाठी करतो. नवा दगड हवा, म्हणून आसपासच्या रानातला कोणताही दगड उचलून पेटीत घालू नये. जांभ्या दगडात लोह असते, तुमच्या भागातल्या कित्येक खडकांत मँगनीज असते, आणि अशा धातूंचे अंश खाऱ्या पाण्यात उतरणे बरे नाही. कवळ्याच्या गुहेत चुनखडीचे सुळके लोंबताना पाहून मोह होईल. पण ते सुळके थेंबाथेंबाने अनेक शतकांत घडले आहेत, तेथे लोकांची श्रद्धा आहे, आणि ते रान व्याघ्रप्रकल्पाचे आहे. पाहावे, हात जोडावेत, परत यावे.

आता वापरलेल्या दगडाकडे वळू. तो हाती घेण्यापूर्वी आधीच्या मालकाला तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, पेटीत माशांच्या रोगावर मोरचूद किंवा तांब्याचे दुसरे औषध कधी घातले होते काय? चुन्याचा दगड तांबे शोषून धरतो आणि पुढे सावकाश पाण्यात सोडतो. मासे ते सोसतात, पण झिंगे, शंख, समुद्रफुले मरतात. अशा दगडाचा मोह सोडावा. दुसरी गोष्ट, दगड पाण्याबाहेर किती वेळ होता? तिसरी, त्यावर उपद्रवी जीव कोणते होते? काचेसारख्या पारदर्शक देहाची लहान समुद्रफुले असतात. त्यांचा एक तुकडा राहिला, तरी महिन्याभरात त्यांची फौज उभी राहते. बुडबुड्यांसारखे हिरवे शैवाल आणि डंख करणारे केसाळ किडे हेही नको असलेले पाहुणे होत.

ह्या उत्तरांवरून मार्ग ठरतो. दगड ओला राहिला असेल, त्याला समुद्राच्या वाऱ्यासारखा वास येत असेल आणि कीड थोडी असेल, तर वस्ती जपावी व दगड मुरवावा. दगड वाळला असेल, कुजका वास येत असेल किंवा कीड माजली असेल, तर वस्ती पुरती नाहीशी करावी आणि कोऱ्या दगडावर नवी वसवावी. मधला मार्ग नाही. अर्धवट साफ केलेला दगड हाच सर्वांत घातक असतो. तो बाहेरून उजळ दिसतो आणि आतून कुजत राहतो. माझे मासे मेले ते अशाच दगडांनी.

पहिला मार्ग मुरवण्याचा. 'मुरवणे' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. लोणचे मुरते तेव्हा आपण बरणी दडपून ठेवतो आणि वाट पाहतो. खडकाचेही तसेच असते. मडगावहून अनमोडच्या घाटाने रामनगरमार्गे दगड आणायचे, तर ते खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळावेत आणि झाकणाच्या डब्यात ठेवावेत. साचलेल्या पाण्यात बुडवून आणण्यापेक्षा हे बरे, कारण दमट हवेतून दगडाला प्राणवायू अधिक मिळतो. एवढे करूनही वाटेत काही जीव मरतातच. मेलेला प्रत्येक जीव म्हणजे पुढचा अमोनिया. म्हणून आणल्याबरोबर दगड पेटीत जात नाही. आधी तो टपात जातो.

टपासाठी पाणी आदल्या दिवशी करून ठेवावे. पंधरा किलो दगडाला चाळीस लिटर पाणी पुरते. दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे एकूण सुमारे १ किलो ४०० ग्रॅम. क्षार मत्स्यपेटीसाठी मिळणाराच हवा, आणि पाकिटावर सांगितलेले प्रमाण पाळावे. स्वयंपाकघरातले मीठ चालत नाही. त्यात समुद्राचे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नसते. घनतामापकावर १.०२५ हा आकडा यावा. विहिरीच्या पाण्यात लोह असण्याचा संभव आहे, तेव्हा गाळणयंत्राचे शुद्ध पाणी घ्यावे.

मग हातमोजे घालून एकेक दगड खाऱ्या पाण्याच्या बादलीत हलवावा. गाळ आपोआप खाली बसतो. मऊ ब्रशाने सैल झालेला मळ काढावा. पांढऱ्या बुरशीसारखा पापुद्रा, मेलेला स्पंज, काळे पडलेले काही दिसले, तर चिमट्याने उचलावे. जे घट्ट आणि टवटवीत आहे, त्याला हात लावू नये. आणि हे सारे खाऱ्या पाण्यातच. नळाखाली दगड धरला, की गोड्या पाण्याने त्यातले जीव फुगून फुटतात. भाचा जे करायला निघाला होता, त्याने पंधरा किलो वस्ती पाच मिनिटांत मेली असती.

नंतर दगड टपात असे सैल रचावेत, की पाणी त्यांच्यामधून खेळेल. एक पंप सतत चालू ठेवावा. पाण्याचे तापमान २५ ते २७ अंश असावे. टप झाकून अंधारात ठेवावा, नाहीतर कुजण्यातून निघणाऱ्या खतावर शैवाल माजते. एक दिवसाआड अमोनियाची चाचणी घ्यावी. आकडा चढू लागला, की अर्धे पाणी बदलावे आणि तळाचा गाळ नळीने ओढून काढावा. अमोनिया फार वाढू दिला, तर जी वस्ती जगली आहे, तीही त्यात मरते. पहिल्या दोन आठवड्यांत आकडे वर जातील, मग नायट्राइट वर येईल, आणि मग दोन्ही हळूहळू उतरतील. दोन आठवडे ते सहा आठवडे, दगडाला जेवढे हवेत तेवढे दिवस द्यावेत.

दगड मुरला हे ओळखायचे कसे? अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, आणि हे शून्य एक आठवडा टिकले पाहिजे. दगड नाकाशी धरला असता कुजक्या अंड्याचा वास मुळीच येता कामा नये. ह्यानंतर एक परीक्षा घ्यावी. चिमूटभर मत्स्यखाद्य टपात टाकावे आणि पुढचे दोन-तीन दिवस चाचणी घ्यावी. अमोनिया शून्यच राहिला, तर समजावे, वस्ती कामाला लागली. मगच दगड पेटीत जावेत, आणि त्यानंतरही मासे एकेक करून यावेत.

दुसरा मार्ग वस्ती नाहीशी करण्याचा. तो सोपा वाटतो, पण धोका त्यातच अधिक आहे. दहा भाग पाण्यात एक भाग घरगुती ब्लीच घालून दगड उघड्या अंगणात दोन दिवस बुडवून ठेवावेत. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि मुले दूर हवीत. मग ब्रशाने घासावे, दोन-तीन पाण्यांतून काढावे, आणि सोडियम थायोसल्फेटच्या पाण्यात ठेवावे. जुन्या छायाचित्रकारांच्या परिचयाचा 'हायपो' तो हाच. क्लोरीनचा वास पूर्ण गेल्यावर दगड उन्हात कडकडीत वाळवावेत. ह्याला चैत्र-वैशाखाचे ऊन उत्तम. कित्येक जण दगड सौम्य हायड्रोक्लोरिक अम्लात बुडवतात. त्याने वरचा थर विरघळतो आणि त्यात बसलेले फॉस्फेट निघते. पण अम्ल हे शाळेच्या अंगणातले काम नव्हे. आणि ब्लीच व अम्ल ह्यांची गाठ कधीही पडू देऊ नये. दोन्हींतून क्लोरीन वायू सुटतो, आणि तो माणसाच्या फुप्फुसांना जाळतो.

त्याहूनही मोठी सूचना ही, की दगड उकळू नये. किडे मारायला उकळते पाणी हा आपल्या घरांतला पहिला विचार असतो. परंतु अशा दगडांवर बटणाच्या आकाराचे काही समुद्रजीव वाढतात, आणि त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे विष असते. हवाई बेटांवरच्या संशोधकांनी ते १९७१ साली वेगळे करून दाखवले. ज्ञात विषांपैकी ते अत्यंत जहाल आहे. दगड उकळला, की ते वाफेबरोबर खोलीत पसरू शकते. परदेशांत अशा पेट्यांतील विष श्वासावाटे जाऊन कुटुंबेच्या कुटुंबे आजारी पडल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. हाताला जखम असेल, तर उघड्या हाताने दगडाला स्पर्शही करू नये. माशांच्या पाण्यातला एक जीवाणू त्वचेत शिरून महिनोन्‌महिने न भरणारे फोड उठवतो.

ह्या मार्गाने आलेला दगड पांढराशुभ्र, देखणा आणि निर्जीव असतो. तो आता नुसता दगड आहे. त्यात वस्ती पुन्हा आणायची, तर दुसऱ्या निरोगी पेटीतला एखादा मुरलेला तुकडा त्याच्या शेजारी टपात ठेवावा आणि थोडे थोडे खाद्य घालावे. आपल्याकडे शेजारणीकडून विरजण आणतात ना, त्यातलाच हा प्रकार. दुधात विरजण घातले म्हणजे दही एका रात्रीत लागते. दगडाला मात्र महिना-दोन महिने लागतात. विरजण खात्रीच्या घरातले हवे, हा नियम येथेही खराच. कीड लागलेल्या पेटीतला तुकडा आणला, तर सारी मेहनत फुकट.

आता जोयड्याच्या परिस्थितीविषयी दोन शब्द. तुमच्याकडे पावसाळ्यात वारा सुटला, फांदी तारेवर पडली, की वीज जाते, आणि गेली म्हणजे कधी येईल हे सांगवत नाही. मुरत असलेल्या टपाला वीज जाणे फार महाग पडते. कुजणारे द्रव्य पाण्यातला प्राणवायू भराभर खाते. पंप थांबला, तर एका रात्रीत सगळी वस्ती गुदमरते. म्हणून भाच्याला मी लिहिले, "दगड दसऱ्यानंतर आण. त्या गृहस्थांना सांग, तोवर पेटी चालू ठेवा." शिवाय घटावर चालणारा हवेचा लहान पंप जवळ ठेवावा. तोही नसेल, तर तांब्याने पाणी उचलून वीतभर उंचीवरून पुन्हा टपात ओतीत राहावे. दर अर्ध्या तासाने पाच मिनिटे एवढे केले, तरी बराच धीर मिळतो. वीज रात्रभर येणार नसेल, तर दगड पाण्याबाहेर काढून, खाऱ्या पाण्याने भिजलेल्या कापडात गुंडाळून ठेवावेत.

दुसरी गोष्ट बदललेल्या पाण्याची. चाळीस लिटर खारे पाणी परसात ओतले, तर केळ जळेल, गड्ड्यांचे वाफे जळतील आणि विहिरीजवळ ओतले तर विहीर बिघडेल. ओढ्यात तर मुळीच ओतू नये, कारण तुमचा ओढा काळीत जातो. पाणी उथळ घमेल्यांत उन्हात आटवावे. राहिलेला क्षार कोरड्या कचऱ्यात जाईल. पेटीतले मासे, शैवाल किंवा किडे कारवारच्या समुद्रात नेऊन सोडणे हीसुद्धा भूतदया नव्हे. परक्या समुद्रातला जीव आपल्या किनाऱ्यावर सोडला, तर त्याचे काय होईल हे आपल्या हाती राहत नाही. मासे घेताना मात्र चांगला मार्ग उपलब्ध आहे. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले विदूषक मासे बंदिस्त पाण्यात जन्मवण्याचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्या देशात बसवले आहे. पकडलेला मासा घेण्यापेक्षा जोपासलेला घ्यावा.

श्रोतेहो, ह्या साऱ्या तपशिलातून मला सांगायचे आहे ते थोडकेच. वापरलेला दगड ही वस्तू नव्हे, ती उचलून आणलेली वस्ती आहे. सुपा धरणाच्या पाण्याखाली जुने सुपा गाव गेले, आणि कित्येक कुटुंबांना रामनगरास येऊन पुन्हा घरे मांडावी लागली. त्या लोकांना हे सांगायला नको, की घरे उभी राहिली म्हणजे गाव होत नाही. पाणी कोठले, वाट कोठली, शेजार कोणता, हे पुन्हा जुळायला वेळ जातो. माणसांच्या दुःखाशी जीवाणूंची बरोबरी मी करीत नाही. पण हलवलेल्या जीवाला आधी स्थिर होऊ द्यावे आणि मग त्याच्याकडून कामाची अपेक्षा करावी, हा न्याय दोघांनाही लागू पडतो.

भाच्याने दसऱ्यानंतर दगड आणले. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात टप मांडला, त्यावर जुनी सतरंजी टाकली आणि भिंतीवर एक तक्ता लावला. रोज दोन मुले पाण्याची उष्णता मोजीत, एक दिवसाआड अमोनियाची चाचणी घेत आणि तक्त्यावर ठिपका देत. पहिल्या आठवड्यात ठिपके वर चढले, तेव्हा मुले हिरमुसली. एकदा वीज सहा तास गेली, तेव्हा शाळेच्या शिपायाने आणि चार मुलांनी आळीपाळीने तांब्याने पाणी ओतून टप जगवला. दिवाळीच्या सुटीत शेजारच्या घरातली एक मुलगी रोज येऊन पंप चालू आहे की नाही ते पाहून जात असे. पाचव्या आठवड्यात ठिपके तळाला टेकले, आणि तेथेच राहिले.

त्याचे दुसरे पत्र मार्गशीर्षात आले. त्यात तो लिहितो : "मामा, मासे अजून आणलेले नाहीत. तुम्ही सांगितलेली खाद्याची परीक्षा चालू आहे. परवा सतरंजी काढली, तर एका दगडाच्या भोकातून पांढऱ्या पिसासारखे काहीतरी बाहेर आले. एका मुलाने बोट पुढे केले, तोच ते आत गेले. शंख-नळीत राहणारा तो बारीक किडा आहे, असे पुस्तक पाहून मुलांनीच ठरवले. आता मधल्या सुटीत पाळीपाळीने सारे टपापाशी बसतात, हालचाल न करता, तो पुन्हा बाहेर येईपर्यंत. मासे कधी येणार, असे मला अद्याप कोणी विचारलेले नाही."

पत्र वाचून मी ते पाकिटात घातले आणि त्याला उत्तर लिहिले : "अरे, आता आणलेस तरी चालेल. पण आधी एकच आण."